माझा भाऊ ३६ वर्षंच जगणार का? एका बहिणीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी एक मुलगी, वय २५, विचारतेय की माझा भाऊ २३ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे (स्वमग्नता, म्हणजे बोलण्या-वागण्यात लहानपणापासूनच असलेला वेगळेपणा), दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, लहानपणी त्याला दोनदा फिट आली होती आणि चिडणं, मारणं-आपटणं कमी व्हावं म्हणून देतात ती रिस्पेरिडोनची गोळी बरीच वर्षं चालू आहे. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारे, आई विडी वळते, घरी तेलुगू. अठराव्या वर्षी शाळा सुटली तेव्हापासून भाऊ घरातच आहे. मोबाईलवर वाचलं की ऑटिझम असलेली माणसं सरासरी ३६ वर्षंच जगतात, तेव्हापासून झोप उडालीय. हे खरं आहे का, त्याला पुढं किती आणि कसली मदत लागेल, आणि माझ्यासाठी स्थळं बघतायत तर त्यांना भावाचं सांगायचं का?

ताई, मी मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक मुलामुलींबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर बरीच वर्षं काम करते, आणि हा ३६ चा आकडा घेऊन घाबरलेली तुम्ही पहिली नाही. आकडा कुठून आला ते आधी सांगते. २०१७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यांनी १९९९ ते २०१४ मधली मृत्यूची सर्टिफिकेटं तपासली, ज्यांच्यावर ऑटिझम असं लिहिलेलं होतं अशी १,३६७ माणसं सापडली आणि मरताना त्यांचं सरासरी वय ३६ च्या आसपास निघालं. आता जुळे सोलापुरात एखादं नवं नगर वसलंय असं समजा, सगळी तरुण जोडपी आणि त्यांची लहान पोरं राहायला आलीत. पहिल्या दहा-पंधरा वर्षांत तिथं जे कोणी जातील ते तरुणच असणार ना, कारण म्हातारं माणूस तिथं मुळात राहतच नाही. मग त्या मेलेल्यांच्या वयाची सरासरी काढून कोणी म्हणालं की या नगरात राहिलं की माणूस चाळिशीच्या आत जातो, तर ते बरोबर होईल का? ऑटिझमचं निदान जगात मोठ्या प्रमाणावर व्हायला लागलं तेच गेल्या तीसेक वर्षांत, त्यामुळं ज्यांच्या कागदावर ऑटिझम लिहिलंय ती बहुतेक मंडळी अजून तरुणच आहेत, आणि सत्तरी-ऐंशीची ऑटिस्टिक माणसं फारशी मोजलीच गेली नाहीत.

आपल्याकडंही तसंच आहे की. तुमच्या गल्लीत, पेठेत आठवून बघा, एखादा साठी-सत्तरीचा काका असेल जो रोज त्याच वेळी त्याच रस्त्यानं देवळात जातो, कोणाच्या डोळ्यात बघत नाही, लग्न झालं नाही, गाड्यांचे नंबर पाठ, लोक त्याला भोळा म्हणतात नाहीतर वेडा म्हणतात. त्यातल्या काहींना आज दाखवलं तर ऑटिझमचं निदान होईल. ती माणसं जगलीत, म्हातारी झालीत, फक्त आकड्यात नाहीत.

स्वीडनचा अभ्यास २०१६ चा, तो जास्त मोठा, २७,१२२ ऑटिस्टिक माणसांचा. त्यात मरतानाचं सरासरी वय साधारण ५४ आलं आणि बाकीच्यांचं ७०, आणि ज्यांना ऑटिझमबरोबर बौद्धिक अक्षमता होती त्यांचं ४० च्या जवळ. हा ४० चा आकडा तुम्हाला कुठंतरी दिसेलच म्हणून मीच सांगून टाकते. तिथंही अडचण तीच, ही मेलेल्यांच्या वयाची सरासरी आहे, तुमच्या भावाचं आयुष्य किती याचं उत्तर नाही. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली ती मात्र गंभीरपणे घ्यायची: त्या काळात ऑटिस्टिक माणसांचा मृत्यूचा धोका बाकीच्यांपेक्षा अडीचपट होता. नंतर ब्रिटनमध्ये १९८९ ते २०१९ च्या नोंदी घेऊन नीट गणित मांडून अपेक्षित आयुर्मान काढलं, तेव्हा ऑटिझम आहे पण बौद्धिक अक्षमता नाही अशा पुरुषांचं ७४.६ आणि बायकांचं ७६.८ वर्षं आलं, दोन्ही असलेल्यांचं पुरुषांचं ७१.७ आणि बायकांचं ६९.६. तिथल्या सर्वसाधारण पुरुषाचं ८० आणि बाईचं ८३ च्या आसपास असतं. म्हणजे आयुष्य कमी होतंय हे खरं आहे, सहा-आठ वर्षांनी, काहींचं त्याहून जास्त, पण ३६ कुठंच नाही. हे आकडे ब्रिटनचे, सोलापूरला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. दिशा मात्र कळते.

आणि एक माणूस सांगते. डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा, जन्म १९३३. डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमवरचा जो पहिला गाजलेला लेख लिहिला त्यातला पहिला पेशंट हाच. लहानपणी त्याला घरापासून लांब संस्थेत ठेवलेलं, मग आईवडिलांनी परत आणलं. पुढं तो शिकला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, एकट्यानं प्रवास केले, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. घरची परिस्थिती चांगली होती, बँकेत घरच्यांचं वजन होतं, ते सोडून देऊन चालणार नाही. पण गावानं त्याला आपला मानलं, ओळखीची माणसं आजूबाजूला राहिली, याचा वाटा पैशापेक्षा कमी नाही असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की तुमचा भाऊ लवकर जाईल या भीतीनं काही आखू नका, तो तुमच्या आईवडिलांच्या मागं तीस-पस्तीस वर्षं राहणार आहे असं धरून आखा. घरोघरी मी उलटं बघते. आई मनातल्या मनात म्हणत असते की देवा माझ्याआधी याला ने, आणि तेच मनात धरल्यामुळं कागद होत नाहीत, दुसऱ्याच्या हातचं खायची सवय लावली जात नाही, काही काम शिकवलं जात नाही. मग आई अचानक आजारी पडते आणि चाळीस वर्षांचा माणूस एका रात्रीत उघड्यावर येतो.

आता आयुष्य कमी कशानं होतं ते. ऑटिझम स्वतः जीव घेत नाही. जीव घेतात त्या बऱ्याचशा टाळता येण्यासारख्या गोष्टी, म्हणून यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

पहिलं पाणी. त्या अमेरिकेतल्या अभ्यासात अपघाती मृत्यूंमध्ये, विशेषतः लहान मुलांच्या, बुडणं हे मोठं कारण होतं. पाण्याची ओढ असते आणि धोका कळत नाही. सोलापुरात आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं घरोघरी जमिनीतला हौद, बॅरल, पिंपं भरलेली असतात. हौदाचं झाकण लोखंडी, जड आणि कुलुपाचं पाहिजे, पत्रा टाकून वर वीट ठेवली असं नको. भाऊ मोठा झाला म्हणून हे संपलं असं नाही कारण त्याला फिटचा इतिहास आहे, आणि हौदावर वाकून पाणी काढताना फिट आली तर कोणाला आवाजसुद्धा येत नाही. घरातून निघून जायची सवय असेल तर सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव, गावाकडची विहीर, रेल्वेचे रूळ, शोधायला आधी तिकडंच पळायचं, नातेवाईकांकडं फोन नंतर. गड्ड्याच्या जत्रेत, मिरवणुकीत, डीजेच्या आवाजात ही मुलं घाबरून पळतात. खिशात फोन नंबरचा कागद राहत नाही, मनगटावर नंबर कोरलेलं कडं घाला नाहीतर शर्टाच्या आत नंबर शिवून घ्या.

दुसरं फिट. ऑटिझममध्ये फिटचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतं, बौद्धिक अक्षमता बरोबर असेल तर आणखीच, आणि लहानपणी थांबलेल्या फिट्स वयात येताना किंवा नंतर परत सुरू होऊ शकतात. त्यामुळं लहानपणी दोनदाच आली होती म्हणून विसरू नका, न्यूरॉलॉजिस्टना एकदा दाखवून ठेवा. एकदम शून्यात बघत राहणं, ओठ चाटत राहणं, सकाळी अंथरूण ओलं आणि जीभ चावलेली, हे पण फिटचं असू शकतं. मोठी फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ बघा, तोंडात चमचा बोट काही घालू नका, कांदा चप्पल हुंगवू नका, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे मिळतो, तो घरात ठेवावा का हे डॉक्टरांना विचारून घ्या. फिटची गोळी चालू असेल तर गावाला गेलो, संपली, उपवास होता असं म्हणून एक दिवससुद्धा चुकवायची नाही, स्वतःच्या मनानं बंद तर अजिबात नाही. बाथरूमची कडी आतून लागणार नाही अशी करा.

तिसरं घशात अडकणं. भराभर खाणं, न चावता गिळणं, तोंड गच्च भरणं हे पुष्कळ जणांत असतं, आणि गोळ्यांमुळं काहींचं गिळणं आणखी मंद होतं. आपल्याकडं शेंगा सारख्या हातात, कडक भाकरी, पेढा. भाकरी कालवणात चांगली कुस्करून, शेंगा कुटूनच, आणि जेवताना समोर कोणीतरी बसलेलं पाहिजे. अडकलंच तर पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये जोरात पाच थापा, मग मागून मिठी मारून पोटावर आत-वर झटके, हे घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या.

आणि चौथं, जे सगळ्यात जास्त घडतं आणि ज्याकडं सगळ्यात कमी लक्ष जातं, ते म्हणजे साधी दुखणी ओळखली न जाणं. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही, काहींना दुखणं नेमकं कुठं आहे तेच कळत नाही, मग तो डोकं आपटतो, हात चावतो, रात्री जागतो, आणि सगळे म्हणतात वय झालंय, लग्न करून द्या, नाहीतर गोळी वाढवा. माझ्याकडं तिशीतला एक माणूस यायचा, महिनोन्‌महिने स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायचा, दोन ठिकाणी गोळ्यांचा डोस वाढवला, आणि शेवटी निघाली अक्कलदाढ, आत पू झालेला. दाढ काढल्यावर आठवड्याभरात बुक्क्या बंद. तेव्हापासून मी प्रत्येक घरी एकच सांगते, वागणं अचानक बदललं की आधी शरीर तपासा: दात, कान, बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, लघवीचं इन्फेक्शन, मुलगी असेल तर पाळी. हे सगळं बघून झालं की मग मानसिक कारण शोधा. डॉक्टरकडं जाताना तोंडी सांगू नका, व्हिडिओ दाखवा, कारण तपासायच्या टेबलावर तो तसं वागेलच असं नाही.

रिस्पेरिडोनबद्दल. गोळी वाईट नाही, ज्या घरात काचा फुटत होत्या तिथं तिनं घर वाचवलंय हे मी बघितलंय. पण ही गोळी का सुरू केली होती, अजून लागते का, डोस कमी होतो का, हे वर्षातून एकदा तरी विचारायलाच पाहिजे, आणि बऱ्याच ठिकाणी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं तीच गोळी आणली जाते. तिच्यानं वजन वाढतं, साखर आणि चरबी वाढते, मुलांची छाती वाढू शकते, मुलींची पाळी थांबू शकते. ऑटिस्टिक माणसं म्हातारपणी जातात ती पण बाकीच्यांसारखीच हृदयविकार, डायबेटिस, श्वासाच्या आजारानं, फक्त त्यांचं उशिरा कळतं. म्हणून वर्षाला एकदा वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर, चरबी, थायरॉइड, डोळे आणि दात, एवढं ठरवून करा. सुई घेऊ देत नसेल तर आधी चार-पाच दिवस घरी खोटी खोटी सुई, रिकामी पट्टी दंडाला बांधणं, असं करून मग न्या. हॉस्पिटलमध्ये पहिला नंबर मागा, तासभर गर्दीत बसवून मग आत नेला तर तपासणी होणारच नाही. अजून एक आपल्या गावचं, मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो आणि या गोळ्यांनी शरीराची उष्णता सहन करायची ताकद कमी होते, शिवाय तहान लागली हे पुष्कळ जण सांगत नाहीत. त्याला पाणी मागेल तेव्हा द्यायचं असं ठेवू नका, घड्याळ लावून द्या.

एक आजार नावानिशी सांगते कारण तो फार चुकतो, कॅटाटोनिया. वयात आल्यावर किंवा विशीत मुलगा हळूहळू मंद होत जातो, दारात उभा राहिला की तिथंच थिजतो, घास हातात धरून बसून राहतो, बोलणं कमी होतं, खाणंपिणं सुटतं. घरचे म्हणतात आळशी झालाय, नाटक करतोय, बाहेरचं काहीतरी लागलंय. याच्यावर उपचार आहेत आणि वेळेत केले तर चांगला फरक पडतो. असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडं लगेच न्यायचं, दर्ग्यात-देवळात जायचं असेल तर जा पण त्याआधी डॉक्टर.

आता तुमच्या भावाशी थेट संबंध नाही तरी लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांत कोणीतरी असेलच. जे ऑटिस्टिक लोक नीट बोलतात, शिकलेत, पुण्याला कंपनीत आहेत, त्यांच्यात आत्महत्येचा धोका बाकीच्यांपेक्षा खूप जास्त दिसतो, स्वीडनच्या अभ्यासातही तेच आलं. दिवसभर बाकीच्यांसारखं असल्याचं सोंग करून माणूस रिकामा होतो आणि वरून सगळे म्हणतात तुला काय झालंय, चांगला तर आहेस. यांना दात घासायला मदत लागत नाही पण मदत लागतेच. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतनं बोलता येतं.

मदत किती लागेल हे तुम्ही विचारलंत. २०१३ पासून मानसोपचारतज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या निदानाच्या पुस्तकात ऑटिझमच्या तीन पातळ्या लिहितात, कमी, जास्त आणि खूप जास्त मदत लागणारा, पण एका माणसाला एक पातळी लावून घर चालत नाही. एखाद्याला रेल्वेचं अख्खं टाइमटेबल पाठ असतं आणि शर्टाची बटणं लावता येत नाहीत. दुसरा स्वयंपाकात आईला सगळी मदत करतो पण दुकानदारानं शंभरची नोट घेऊन सुट्टे दिले नाहीत तरी कळत नाही. म्हणून एक वही घ्या आणि पंधरा दिवस बघून लिहा: अंघोळ, संडास, कपडे, जेवण, गोळी, रस्ता, पैसे, फोन, रात्रीची झोप, राग आल्यावर, अनोळखी माणसाबरोबर. प्रत्येकापुढं एवढंच लिहायचं की स्वतः करतो, सांगितलं की करतो, हाताला धरून करवावं लागतं, की आपणच करतो. मग त्यातल्या फक्त दोन गोष्टी निवडा, ज्यांनी सगळ्यात जास्त फरक पडेल. मोठ्या मुलांच्या बाबतीत माझा कल कायम संडास-अंघोळ स्वतः करण्याकडं असतो, अक्षरं गिरवण्याकडं नाही. तेविसाव्या वर्षी ए बी सी डी पक्की करण्यात जे दोन तास जातात तेच स्वतःचं अंग नीट पुसायला शिकण्यात घाला, कारण पुढं ते काम दुसऱ्या कोणी करणं यात त्याच्या लाजेचा आणि सुरक्षिततेचा पण प्रश्न आहे. शरीराला हात कोण लावू शकतं, नको कसं म्हणायचं, हे मोठ्या मुलांनापण शिकवायचं असतं. वय वाढलं की शिकणं थांबतं हे खोटं आहे, माझ्याकडची चाळिशीतली माणसं नवीन गोष्टी शिकतायत, हळू शिकतायत पण शिकतायत.

तेलुगू बंद करा, एकच भाषा ठेवा असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ऐकू नका. घरात जी भाषा सगळे मनापासून बोलतात ती त्याच्यापासून काढून घेतली तर तो घरातच परका होतो. दोन भाषांमुळं ऑटिझममध्ये बोलणं बिघडत नाही. बोलणं कमी आहे म्हणून मोबाईलमध्ये चित्रं दाबून सांगायची सोय करा: पाणी, दुखतंय, बाहेर जायचं, नको. तेवीस हे त्यासाठी उशीर झालेलं वय नाही.

अठरानंतर शाळा सुटली आणि तो घरात बसला, हा खरा मोठा घाव आहे आणि तो सगळ्याच घरांना बसतो. रोजची वेळ, बस, डबा, ओळखीचे चेहरे सगळं एका दिवसात जातं, मग झोप उलटीपालटी, वजन वाढणं, चिडणं. त्याला दिवसाचे निदान तीन-चार तास घराबाहेरचं काम पाहिजे. आपलं गाव यासाठी वाईट नाही. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात घडी घालणं, लेबल लावणं, पॅकिंग, शेंगा निवडणं, असली एकसारखी कामं इथं गल्लोगल्ली आहेत आणि आपल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना ती आवडतात, त्यात ती चुकत नाहीत. वडील कारखान्यातच आहेत तर मालकांशी बोलू द्या, पण मागाच्या खोलीत नको, तो खडखडाट त्याला सहन होणार नाही आणि चालत्या मागाजवळ हात जायची भीती. पॅकिंगची खोली, कानाला हेडफोन, सुरुवातीला एक तास, बरोबर घरचं कोणीतरी. आणि कामाचे पैसे थोडे का होईना त्याच्या हातात द्यायचे. बरेच जण म्हणतात त्याला पैशाचं काय कळतंय की. कळतंय, आपण दिलेच नाहीत म्हणून दिसलं नाही.

कागद. यात घाई करा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी होते. ऑटिझमसाठी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात, त्यावर टक्केवारी ठरते, जाताना वरची वही घेऊन जा म्हणजे पाच मिनिटांच्या तपासणीत जे दिसणार नाही ते सांगता येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्वतंत्रपणे आलाय. कार्ड झालं की राष्ट्रीय न्यासाची (ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय आरोग्य विमा योजना, वर्षाला १ लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधीचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत, ओपीडी आणि थेरपीलापण काही रक्कम मिळते. तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. एसटीत भाड्याची सवलत.

मग पालकत्व. पुष्कळ आईवडिलांना हे माहीतच नसतं की मुलगा अठराचा झाला की कायद्यानं तो सज्ञान होतो आणि त्याच्या बँकेच्या, जागेच्या कागदावर आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कलेक्टरांच्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. पालक झालेल्यानं सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. हे बंधन चांगलं आहे, कारण भोळ्या भावाच्या नावची जागा काका-चुलत्यांनी अंगठा घेऊन लाटल्याची प्रकरणं मी बघितलीत. आज आईवडिलांचं नाव लावा, आणि त्यांच्यानंतर कोण हे मृत्युपत्रात लिहून ठेवा.

तुमच्या घराला उपयोगी अजून एक. आई विडी वळते, तिचा पीएफ कापला जात असणार, वडिलांचापण बघा. पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत सभासदाच्या मागं कायमचं पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची पंचविशीची अट न लावता पेन्शन मिळायची तरतूद आहे. भावाचं नाव त्यांच्या कुटुंबाच्या माहितीत, अपंगत्वाच्या उल्लेखासह, आईवडील असतानाच नोंदवा. सरकारी नोकरीतल्यांसाठीही फॅमिली पेन्शनमध्ये अशीच सोय असते. मागाहून सिद्ध करत बसणं फार जड जातं. पूर्व भागात किती आया विडी वळतात आणि किती घरांत असं मूल आहे, पण ही नोंद केलेली घरं मला अगदी थोडी भेटलीत.

संस्थेत ठेवायचं का हा प्रश्न आज नाही पण कधीतरी येईल. संस्था बघायला जाताना न सांगता जा, संध्याकाळी जा. बाथरूम बघा, रात्री किती माणसं ड्युटीवर असतात विचारा, फिट आली तर काय करता विचारा, आणि सगळीच माणसं गुंगीत बसलेली दिसली तर परत या. त्याआधी महिन्यातून एक रात्र मावशीकडं, आत्याकडं राहायची सवय आत्तापासून लावा, आईचाच हात, आईचीच ताटली यातून त्याला जरा सोडवा. वहीत त्याचं सगळं लिहा: काय खातो, कशाला घाबरतो, दुखलं की काय करतो, कुठलं गाणं लावलं की शांत होतो. ही वही आई गेल्यावर कोणाला लिहिता येत नाही.

शेवटी तुमचं. स्थळाला सांगायचं का? सांगायचं, आणि पहिल्या दोन भेटींतच, आईवडिलांच्या तोंडून आडून आडून नको, तुम्ही स्वतः, भावाला समोर बसवून. ‘त्याला थोडं कमी ऐकू येतं’ असलं काही सांगून जमलेली लग्नं मी तुटताना बघितलीत आणि त्यात सगळ्यात जास्त सोसतो तो भाऊ, त्याला कोंडून ठेवायला लागतात. पुढच्या पिढीत येईल का हे ते विचारतीलच. ऑटिझममध्ये अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, बहिणीच्या मुलात शक्यता सर्वसाधारण घरापेक्षा जास्त असते, पण बहुतेक बहिणींची मुलं ऑटिस्टिक नसतात. हवं तर लग्नाआधी जेनेटिक सल्ला घ्या, आकड्यांत बोलणारं माणूस समोर असलं की सासरच्यांचंही समाधान होतं.

आणि त्याचं सगळं मी करेन असं कोणाला कबूल करू नका, आईलासुद्धा नाही. तुम्ही त्याची बहीण आहात, तुमचं स्वतःचं घर, नोकरी, तब्येत आहे. काय कराल ते नेमकं ठरवा: पालकत्वाचे कागद मी बघेन, दर रविवारी येईन, डॉक्टरची वारी माझ्याकडं, पण कायमचा माझ्या घरी राहणं जमेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. हे एकदा आईवडिलांसमोर बसून बोला. आई रडेल, वडील उठून जातील, दोन दिवसांनी परत विषय काढा. होणाऱ्या नवऱ्यालापण हेच एवढंच सांगा, दर रविवारी मी माहेरी जाणार आणि भावाच्या कागदांवर माझं नाव असणार. हो म्हणाला तर पुढं बोला, आणि त्याच्या तोंडावर आठी दिसली तर ते स्थळ सोडा.